मधला विमानतळ

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज परत तेच केलं. ठमी झोपली की सूनबाईंचा टॅबलेट घ्यायचा, त्या पानावर जायचं, वरच्या चौकोनात इथला विमानतळ घालायचा, खालच्या चौकोनात आपला. अंतर सात हजार आठशे किलोमीटर. विमानाला लागणारा वेळ नऊ तास चाळीस मिनिटं. काल तेवढंच होतं, परवाही तेवढंच. एखाद दिवशी कमी होईल म्हणून बघतो की काय, कोण जाणे.

बस डेपोत तीस वर्षं कंट्रोलरची खुर्ची उबवली. कुठली गाडी कुठून सुटली आणि कुठे कधी लागेल, एवढंच डोक्यात. निवृत्त झालो तरी डोकं तेच राहिलं. फरक इतकाच की आता गाडी एक, उतारूही एकच, आणि ती सुटायला अजून दोन महिने आहेत.

ठमी उठली. राहू दे.

१२ फेब्रुवारी

बाहेर बर्फ. कुठे गेलो नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

एकदा सगळं लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातला गुंता तरी कमी होईल.

ठमी म्हणजे माझी नात, दीड वर्षाची. चिरंजीव आणि सूनबाई दोघंही सकाळी आठला घर सोडतात ते सहाला उगवतात. पाळणाघरात नाव घातलंय, नंबर लागत नाही. तिकडे घरी माझी आई, नव्वदी ओलांडलेली, अंथरुणाला खिळलेली. परक्या बाईच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. दोन बायका ठेवून पाहिल्या, दोघींना तिने आठवड्याच्या आत पळवून लावलं. एकीला तर चावली. म्हणजे तिकडे घरचं एक माणूस हवं आणि इकडे एक. आणि माणसं आहोत दोन — मी आणि ही.

मग ठरलं. चार महिने मी इकडे, ही तिकडे. मग अदलाबदल. वर्षभर हेच चाललंय. ज्या दिवशी मी इथून निघतो त्याच दिवशी ही तिथून निघते. मधला एक दिवस इकडे सूनबाई रजा घेतात, तिकडे माझी धाकटी बहीण आईपाशी येऊन बसते. म्हणजे मी घरी पोचतो तेव्हा ही नसते आणि ही इथे पोचते तेव्हा मी नसतो. वर आभाळात कुठेतरी आमची विमानं एकमेकांना ओलांडून जातात. मागच्या खेपेला मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. ढग सोडून काही दिसलं नाही.

दोष कुणाला द्यायचा? चिरंजीव म्हणतात, "बाबा, दोघं एकदम इकडे आलात तर आजीला कोण बघणार?" बरोबर आहे. ही म्हणते, "आपण दोघं इथेच राहिलो तर ठमीचं काय?" तेही बरोबर. सगळे बरोबरच बोलतात आणि मी कात्रीत सापडलोय.

लग्नाला बेचाळीस वर्षं होतील. मला माझी बायको हवी आहे. लिहिताना लाज वाटली, पण लिहिलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नववा मजला. खिडकी चार बोटं उघडते, त्यापुढे नाही — लहान मुलांसाठी म्हणे. मुलांसाठी की म्हाताऱ्यांसाठी, देव जाणे. खाली उतरायचं तर ठमीला तीन थर कपडे चढवायचे, गाडीत बसवायचं, लिफ्टचं कार्ड, दाराचं कार्ड, दुधाची बाटली. हे होईस्तोवर तिला शी होते. मग सगळं उतरवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

माझी खोली म्हणजे कपडे वाळत घालायची खोली. दोरीखाली पलंग. ही इथे असते तेव्हाही याच पलंगावर झोपते. डिसेंबरात आलो तेव्हा उशीला हिच्या केसांच्या तेलाचा वास होता. सूनबाईंनी दुसऱ्याच दिवशी सगळे अभ्रे धुवायला टाकले. चांगल्या मनाने टाकले.

फोन झाला. फोन म्हणजे काय? ही "हॅलो" म्हणाली तोच तिकडे आईने चमच्याने वाटी बडवायला सुरुवात केली. तिचं बोलावणं तसंच असतं. ही गेली, आली, तोवर इकडे ठमीने भोकाड पसरलं. मी गेलो, आलो.

"बोला," ही म्हणाली.

"काही नाही. तू बोल."

"काही नाही."

झाला फोन.

मग आईच्या कानाला लावला. म्हणाली, "डबा नेलास का?" तिच्या लेखी मी अजून डेपोतच आहे, दुसरी शिफ्ट करतोय. मी म्हटलं, नेला. म्हणाली, "मग लवकर ये." मी घरी असलो की हिच्या नावाचा जप करते आणि मी इकडे आलो की माझ्या नावाचा. जो समोर आहे त्याची तिला किंमत नाही. पण आवाज ऐकला की बरं वाटतं मला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक डोक्यात आलं आणि अंगावर काटाच आला!

लांब पल्ल्याच्या गाड्यांना आमच्या डेपोत एक पद्धत होती. दोन टोकांच्या दोन डेपोंतून गाड्या एकाच वेळी सुटायच्या आणि निम्म्या वाटेवरच्या फाट्यावर समोरासमोर थांबायच्या. चहा व्हायचा. मग ड्रायव्हर-कंडक्टर गाड्या बदलायचे आणि ज्याचा तो आपल्या घरी परत. क्रॉसिंग म्हणायचो आम्ही त्याला. फाट्यावरच्या त्या अर्ध्या तासात लोक काय काय उरकायचे. आमच्या एका ड्रायव्हरने तिथेच समोरच्या ड्रायव्हरच्या मुलाशी आपल्या मुलीचं लग्न जमवलं होतं.

तर मग आम्ही वरच्यावर का ओलांडायचं? खाली उतरून का नाही?

टॅबलेटवर थेट विमान सोडून बाकीची बघितली. वाटेत थांबणारी पुष्कळ आहेत. आणि बरोब्बर मधे एक विमानतळ आहे. इथून पाच तास, घरापासून पाच तास. एकाच दिवशी मी इकडून तिथे उतरलो आणि ही तिकडून तिथे उतरली, तर पुढची विमानं सुटेपर्यंत साडेचार तास मिळतात. ना ठमी, ना वाटी, ना चमचा. साडेचार तास!

तीनदा पडताळून पाहिलं. जुळतंय.

२८ फेब्रुवारी

हिला सांगितलं. म्हणाली, "तिथे बसून करायचं काय?"

मी म्हटलं, बसायचं.

म्हणाली, "बरं."

तिचं "बरं" मला कळतं. संध्याकाळी तिने आपणहून फोन केला. कुठली साडी नेसू म्हणून विचारत होती. अजून तिकिटाचा पत्ता नाही.

३ मार्च, सोमवार

तिकीट काढणार चिरंजीव. त्यांना काय सांगायचं हा प्रश्न. बायकोला भेटायचंय म्हणून सांगायला माझी जीभ रेटेना. सरळ सांगितलं असतं तर हो म्हणाले असते, तेही कळतंय. पण सहासष्टाव्या वर्षी मुलाकडे जाऊन "मला तुझ्या आईजवळ थोडा वेळ बसायचंय" असं कुठला बाप म्हणेल?

जेवताना म्हटलं, "यंदा थेट विमान नको. मधे थांबणारं बघ."

"का? नऊ-दहा तासांच्या जागी पंधरा तास होतील, बाबा."

"पाय आखडतात रे. मधे उतरून जरा फिरलं की मोकळे होतील."

"आणि आई पण तेच म्हणत होती काल! तिचेही पाय आखडतात?"

मी आमटी ओरपली. म्हटलं, वय झालं आमचं.

चिरंजीवांनी सूनबाईंकडे पाहिलं. सूनबाईंनी माझ्या पायांकडे.

९ मार्च, रविवार

खोटं बोललो ते अंगाशी आलं. मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोटऱ्या दाबल्या, घोटे वळवले, गुडघ्यावर हातोडी मारली. माझे पाय ठणठणीत आहेत, डेपोच्या आवारात तीस वर्षं चालून झालेले. पण मी बारीकसं कण्हलो. न कण्हून सांगतो कुणाला.

बाईंनी गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे दिले. ते चढवायला चिरंजीव लागतात एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने. शिवाय रोज अर्धा तास चालायचं. बाहेर बर्फ, म्हणून नवव्या मजल्याच्या बोळातून. लिफ्टपासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून लिफ्टपर्यंत. ठमी कडेवर. शेजारच्या दारातल्या आजीबाई दार किलकिलं करून बघतात. त्यांना वाटत असेल, म्हाताऱ्याला घरातून हाकललं.

१७ मार्च, सोमवार

तिकिटं आली. अठरा एप्रिल. जसं मागितलं तसं. दोघांचीही मधल्या विमानतळावरून.

ठमीला सांगितलं. तिने माझ्या नाकात बोट घातलं.

२६ मार्च, बुधवार

आज खूप कोंडल्यासारखं झालं. कारण काही नाही. ठमी झोपली होती, भांडी झाली होती, कपडे वाळत होते. खिडकीपाशी उभा राहिलो. समोरच्या इमारतीत एक बाई अशीच कडेवर मूल घेऊन खिडकीत उभी होती. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. हात हलवावा असं वाटलं, पण हलवला नाही. तिनेही नाही.

ठमीवर माझा जीव आहे. तिच्या अंगाला दुधाचा वास येतो, माझ्या मिशा ओढते, मला "बा" म्हणते. तिला सोडून जायचं म्हटलं की कडेवरून खाली ठेववत नाही. आईवरही जीव आहे. हिच्यावर तर आहेच. ज्यांच्यावर जीव आहे त्यांनीच बांधून ठेवलंय, मग तक्रार तरी कुणाच्या नावाने करायची? सुटून जायचं तर जायचं कुणापासून?

संध्याकाळी टॅबलेट घेतला. हल्ली आपला विमानतळ घालत नाही खालच्या चौकोनात. मधला घालतो. तीन हजार नऊशे. पाच तास.

४ एप्रिल, शुक्रवार

हिला सगळं नीट समजावलं. उतरल्यावर कुठे थांबायचं? मी म्हटलं, "चहाच्या दुकानापाशी उभी राहा. मी तिथे येतो." फाट्यावर आम्ही तसंच करायचो.

"दुकान सापडलं नाही तर?"

"अगं, विमानतळावर चहाचं दुकान सापडणार नाही होय!"

धाकटीलाही फोन केला. एका दिवसाच्या जागी दीड दिवस आईपाशी राहावं लागेल म्हटलं. ती म्हणाली, "दादा, तू थेट विमान सोडून हे काय काढलंस?" तिलाही पायांचंच सांगितलं. खोटं किती जणांत वाटलं मी. ती बरं म्हणाली.

११ एप्रिल, शुक्रवार

आईला हल्ली धाप लागते, ही म्हणाली. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, वय आहे, असं कमीजास्त चालायचंच. औषध बदलून दिलंय.

चिरंजीवांनी ऐकलं. रात्रीच्या जेवणाआधी माझ्यापाशी येऊन बसले. "बाबा, तिकीट अजून बदलता येईल. तुमचं थेट करू का? संध्याकाळी साडेपाचला उतराल. मधे थांबलात तर रात्री अकरा वाजतील."

मी म्हटलं, "अरे, डॉक्टर बघून गेलेत ना."

"मी आपलं विचारलं."

"पायांना सोसत नाही थेट."

ते उठून गेले. मी मोज्यांकडे बघत बसलो. साडेपाच तासांनी काय होतंय? गेले चार महिने ती मला डेपोतून लवकर ये म्हणतेच आहे.

हिच्याशी नंतर बोललो. म्हटलं, तुला काय वाटतं? म्हणाली, "आजचा दिवस बऱ्या आहेत. दूध घेतलं. तुम्ही ठरवा." मग म्हणाली, "मी ती निळी काढून ठेवली आहे."

ठरलं. बदलायचं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

बॅग भरली. उद्या पहाटे निघायचं. ठमी बॅगेत जाऊन बसली आणि बाहेर यायला तयार नाही. तिलाच घेऊन जावंसं वाटलं. उद्या ती उठेल तेव्हा मी नसेन, आणि परवा उठेल तेव्हा आजी असेल. या पोरीला वाटत असेल, आजी आणि आजोबा एकाच माणसाचे दोन कपडे आहेत.

आईशी बोललो. धाप होती. म्हणाली, "निघालास का?"

म्हटलं, निघालो.

१८ एप्रिल, शुक्रवार — विमानात, घराकडे

विमान हलतंय म्हणून अक्षर असं.

आधी सगळं फसलंच होतं. चिरंजीवांनी, मला न सांगता, माझ्या नावाने चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. पायांसाठी! मधल्या विमानतळावर विमानाच्या दारातच एक उंच तरुण खुर्ची घेऊन उभा. माझं नाव लिहिलेली पाटी हातात. मी मानेने नाही म्हटलं, तो मानेने हो म्हणाला आणि बसवलंच. बोळांमागून बोळ. शेवटी एका काचेच्या खोलीत नेऊन लावलं. आणखी आठ-दहा म्हातारे-म्हाताऱ्या तशाच खुर्च्यांत, रांगेने. डेपोत नादुरुस्त गाड्या लावतात तशी आमची रांग. त्याने चार बोटं दाखवली, म्हणजे चार तासांनी सहाच्या विमानाला न्यायला येतो, आणि हाताने सांगितलं — बसून राहायचं.

माझ्या घड्याळात दीड वाजला होता. घरची वेळ मी कधीच बदलत नाही.

फोन लावून बघितला. माझा फोन तिथे मुका. इंटरनेट जोडायला काहीतरी आकडे मागत होता, ते कुठून आणायचे? दाराशी एक बाई बसलेली. मी उठलो की ती उठायची आणि गोड हसून मला परत बसवायची. तीनदा झालं. मी "बायको, बायको" म्हणालो, तिने पाणी आणून दिलं. माझे साडेचार तास त्या काचेमागे चालले होते. बाहेरून माणसं धडधाकट पायांनी जात होती. मी मोजे घालून आत. आयुष्यात इतका कोंडमारा कधी झाला नाही. नववा मजला परवडला.

शेवटी उठलो, मोजे काढले, खिशात कोंबले आणि त्या बाईसमोर दोन बैठका काढल्या. हो, बैठका. शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. बाई बघतच राहिली आणि मी दाराबाहेर.

आता चहाचं दुकान! मी काय अक्कल गहाण ठेवली होती कोण जाणे. तिथे दहा पावलांवर एक दुकान. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती चहा-कॉफीची दुकानं, आणि सगळी सारखीच दिसणारी. मी पळालोय. खरोखर पळालोय. प्रत्येक दुकानाशी निळी साडी शोधत. अडीच वाजून गेले. म्हटलं संपलं, साडेचार तासही गेले आणि तीही चुकली.

मग कुठलं विमान कुठे लागतं ते बघावं म्हणून मोठ्या वेळापत्रकाच्या फळ्याशी गेलो. त्याच्या खाली ही. पिशवी पायांत धरून, फोन हातात घेऊन, बाकावर बसलेली.

मला बघून आधी एकदम उभी राहिली. मग हसली.

"अगं, चहाच्या दुकानाशी सांगितलं होतं ना?"

म्हणाली, "दुकानं मोजून झाली माझी. म्हटलं, वेळापत्रक दिसलं की तुम्ही येणारच."

मी तिथेच तिच्या शेजारी बसलो. रडू आलं मला. तिने पदर दिला. तिचे डोळे आधीच लाल होते. म्हटलं, काय झालं? म्हणाली, "विमानात झोप नाही." तिने फोन पिशवीच्या तळाशी टाकला.

तीन तास राहिले होते. काय बोललो? काहीच नाही म्हणण्यासारखं. खोलीचं सांगितलं, बैठकांचं सांगितलं, तिने ते पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. हसताना तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. बेचाळीस वर्षांत चारचौघांत कधी हात धरला नव्हता हिने. चहा घेतला, तिचा तसाच राहिला. म्हटलं, आई कशी आहे? म्हणाली, "सकाळी निघताना डोक्यावरून हात फिरवला माझ्या. कधी नव्हे ते." मी म्हटलं, तुझा फोन दे, धाकटीला विचारतो. म्हणाली, "नको. दिवसभर फोनच असतो आपला. आत्ता नको."

तेही खरंच. मी ठेवला हट्ट बाजूला. मग थोडा वेळ तिच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटले. लोक जात-येत होते. लाज वाटली नाही. तिने केसांतून हात फिरवला. म्हणाली, "झोपा. मी आहे जागी."

पावणेसहाला माझं दार आलं. तिचं त्याच्या पलीकडचं. ती म्हणाली, "घरी पोचलात की आधी पाणी प्या. मग आत जा." मी म्हटलं, बरं बाई. ती वळून बघत नव्हती, मी हाक मारली तेव्हाही नाही.

चार महिने आता चालतील. ऑगस्टमध्ये पुन्हा असंच करायचं. पाय आखडलेच राहू देत.

२२ एप्रिल, मंगळवार

आई शुक्रवारी संध्याकाळी पावणेआठला गेली. मी तेव्हा वर होतो, वरचं पान लिहीत. थेट विमान साडेपाचला वेळेवर उतरलं होतं. मी विचारून घेतलं.

धाकटीने हिला दुपारी दोनला फोन केला होता, आईचं काही खरं नाही म्हणून. मी काचेच्या खोलीत होतो तेव्हा. पुढे सगळा वेळ हिला माहीत होतं.

काल फोनवर विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाली, "तुमचं विमान काही सहाच्या आधी सुटणार नव्हतं." मग दोघांनीही फोन तसाच कानाला धरून ठेवला. आता इकडे वाटी वाजत नाही, आणि तिकडे ठमीही झोपली होती.

राग येईल म्हणून वाट बघतोय. अजून आला नाही.

आज चिरंजीव फोनवर म्हणाले, "बाबा, आता घर बंद करा आणि इकडेच या. आई इथेच आहे. आता वेगळं राहायचं काही कारण नाही." मी हो म्हटलं. वर्षभर मला हेच हवं होतं.